गिऱ्हाईक आपल्याच गावात असतं

वाघांची शिकार आणि कातडी-नखांचा व्यापार या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातून येतील ते बिबट्याचे असतील असं वाटलं होतं. पण वाघाबद्दलही भरपूर आले. काही निवडून उत्तरं देतो आहे. ज्यांनी नाव छापू नका असं कळवलं त्यांचीच नव्हे, कुणाचीच नावं दिलेली नाहीत.

आपल्या जिल्ह्यात वाघ नाहीत. शिकार होते ती विदर्भात आणि मध्य प्रदेशात. मग नाशिककरांनी यात काय करायचं? (नाशिक रोड)

वाघ आपल्याकडे वस्तीला नाही, हे खरं. पण वाघ चालतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक वाघ 2019 मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत आला. त्याच्या गळ्यातल्या कॉलरमुळे त्याचा सगळा प्रवास नोंदला गेला. 2021 मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. गौताळा म्हणजे कन्नड-चाळीसगावचा डोंगर, आपल्या नांदगाव तालुक्यापासून फार लांब नाही. असा भटका वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर असतो. तिथे रोजची गस्त नसते, आणि वाटेत कुठे फास लावलेला आहे हे त्याला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडे बिबट्या आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात आहे, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात आहे. वाघाची नखं म्हणून बाजारात फिरणाऱ्या मालात बिबट्याची नखं किती असतात हे जप्तीच्या वेळी दिसतं. कायद्याच्या दृष्टीनं दोघंही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, म्हणून शिक्षा तीच: किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. विदर्भात वाघ मारणारा आणि पेठ-सुरगाण्याकडे बिबट्या मारणारा, दोघांनाही माल खपेल अशी खात्री वाटते म्हणूनच ते फास लावतात. ती खात्री नाशिकमध्येही तयार होते.

वाघाच्या कातडीला आणि हाडांना एवढी किंमत कोण देतं? शेवटी हा माल जातो कुठे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी)

किंमत मी सांगणार नाही, आणि पत्रकार मित्रांनीही ती छापू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. ‘लाखोंची कातडी जप्त’ असा मथळा आला की चार पोरांच्या डोक्यात तो आकडा बसतो. आपल्या भागात पकडले जाणारे पुष्कळ आरोपी मुरलेले शिकारी नसतात. कुणी शेतमजूर, कुणी रिक्षावाला, कुणी नुकती नोकरी सुटलेला. आधी बिबट्या मारतात, मग गिऱ्हाईक शोधत फिरतात, आणि वनखात्यानं पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाच्या हाती सापडतात. ते तुरुंगात जातात हे ठीकच. पण बिबट्या तर मेलेलाच असतो. छापून आलेला आकडा त्यांना कधीच मिळणार नव्हता.

आता माल कुठे जातो ते. संघटित व्यापारात कातडीची जुनी वाट नेपाळमार्गे तिबेटकडे, आणि हाडांची वाट नेपाळ किंवा ईशान्येकडून म्यानमारमार्गे चीनकडे. तिबेटमध्ये सणासुदीच्या अंगरख्यांना वाघा-बिबट्याच्या कातडीची किनार लावण्याची पद्धत होती. 2006 च्या सुरुवातीला आंध्रातल्या अमरावतीच्या कालचक्र या बौद्ध सोहळ्यात दलाई लामांनी ती सोडण्याचं आवाहन केलं, आणि त्यानंतर तिबेटमध्ये लोकांनी स्वतःहून कातड्यांच्या होळ्या केल्या. मागणी बदलू शकते याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

हाडांचं मात्र तसं झालं नाही. पारंपरिक चिनी वैद्यकात वाघाचं हाड सांधेदुखीवर चालतं अशी समजूत. हाडं दारूत मुरवून ती दारू भेट म्हणून देण्याची प्रथा. व्हिएतनाममध्ये हाडं दिवसचे दिवस उकळून त्यांची डिंकासारखी वडी करतात. चीननं 1993 मध्ये वाघाच्या हाडांच्या व्यापारावर बंदी घातली, तरी चोरटी मागणी उरली. आपल्याकडे तिचा परिणाम 2005 मध्ये उघडा पडला. राजस्थानच्या सरिस्कामध्ये एकही वाघ शिल्लक नाही हे तेव्हा देशाला कळलं. त्या धक्क्यातून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि 2007 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभे राहिले. तरी 2009 पर्यंत मध्य प्रदेशातलं पन्नाही रिकामं झालं. दोन्हीकडे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले.

देशातले वाघ 2006 च्या गणनेत 1,411 होते, 2022 मध्ये सरासरी अंदाज 3,682. महाराष्ट्रात 444. हे मोठं यश आहे आणि जंगलात पायी फिरणाऱ्या वनरक्षकांचं आहे. पण वाघ वाढले की शिकाऱ्यांचंही लक्ष वाढतं. 2013 मध्ये मेळघाटच्या शिकारीतून बाहेरच्या राज्यातल्या टोळ्या पुढे आल्या, आणि 2025 च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याजवळ पुन्हा तसेच लोक पकडले गेले.

यात तपासाच्या बाजूला एक गोष्ट फार उपयोगी पडते. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाचे डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे असतात. व्याघ्र प्रकल्पांतल्या कॅमेऱ्यांचे फोटो देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे साठवलेले असतात. जप्त कातडी जमिनीवर पसरून दोन्ही कुशींचा फोटो घेतला की संगणकावर तो त्या साठ्याशी ताडून पाहता येतो. जुळला, तर हजार किलोमीटरवर सापडलेली कातडी कोणत्या जंगलातल्या कोणत्या वाघाची हे कळतं. कातडी कमावली तरी पट्टे जात नाहीत.

आजेसासऱ्यांचं सोन्यात मढवलेलं वाघनख घरात आहे. बाळाच्या गळ्यात घालायचं म्हणतात. चालेल का? (गंगापूर रोड)

नाही, ताई. गळ्यात नको, आणि तिजोरीतही तसंच नको.

खरं नख असेल तर ती कायद्यानं ‘वन्यप्राण्याची वस्तू’ आहे. ती बाळगायला मालकी प्रमाणपत्र लागतं. ज्यांच्याकडे अशा जुन्या वस्तू होत्या त्यांना 1972 चा कायदा आला तेव्हा आणि नंतर 2003 मध्ये जाहीर करायची मुदत मिळाली होती. त्या वेळी आजेसासऱ्यांनी प्रमाणपत्र घेतलं असेल, तर वारसानं 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवायचं असतं. प्रमाणपत्र आहे पण वस्तू ठेवायची नाही, तर 2022 च्या दुरुस्तीनं ती सरकारजमा करायची सोय आहे. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर आधी वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोला आणि त्यांच्यामार्फत वनखात्याकडे जा. विकण्याचा, कुणाला देण्याचा, सोनाराकडे पुन्हा मढवायला टाकण्याचा विचारही करू नका. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंगळुरूत एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखापायीच अटक झाली होती.

बाजारातली पुष्कळ वाघनखं शिंगापासून घासून किंवा प्लास्टिकची केलेली असतात, हेही खरं. तुमचंही तसं निघू शकेल. पण ते ठरवणं प्रयोगशाळेचं काम. आणि खोट्याला किंमत येते ती खऱ्याला मान असतो म्हणूनच. जप्त केलेल्या बिबट्याच्या कातड्या पाहा. पुष्कळदा पंजे असतात, पण बोटांच्या टोकाला नखांच्या जागी नुसती भोकं असतात. कातडीला गिऱ्हाईक मिळायच्या आधीच नखं सुटी विकली गेलेली असतात, मिशासुद्धा उपटलेल्या असतात. परदेशातला कुणी अब्जाधीश सुटं नख विकत घ्यायला इगतपुरीत येत नाही. ते आपल्याच शेजारच्या गल्लीत जातं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून.

बाळाला तीट लावा, काजळ लावा. आजी खूश होईल.

सिंहस्थ जवळ आला आहे. साधूंच्या आसनासाठी व्याघ्रचर्म, पूजेसाठी हत्ताजोडी वगैरे विकायला येतं. हे सगळं बेकायदा आहे का? (त्र्यंबकेश्वर)

खरं व्याघ्रचर्म विकणं हा गुन्हाच, गिऱ्हाईक कुणीही असो. धर्मकार्यासाठी खरेदी केली म्हणून सूट मिळत नाही. अनेक आखाड्यांतले साधू आता वाघाच्या छापाचं मखमली कापड वापरतात, आणि त्यानं त्यांच्या साधनेत काही उणं आलेलं नाही.

हत्ताजोडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती घेणाऱ्या बहुतेकांची सरळसरळ फसवणूक होते. हात जोडल्यासारखी दिसणारी ही वस्तू विंध्यातल्या दुर्मिळ झाडाची मुळी म्हणून विकली जाते. ती शेंदूर लावून डबीत ठेवली की धन येतं म्हणतात. प्रयोगशाळेत तपासल्यावर ती घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय निघाली. घोरपडही पहिल्या अनुसूचीत आहे. देवघरात आपण काय ठेवतो आहोत हे कळलं असतं तर कुणी ते विकत घेतलं असतं का?

‘पैशाचा पाऊस’ पाडणारे मांत्रिक वाघाची कातडी, मांडूळ, कासव, खवल्या मांजर यांची मागणी करतात. अशा मांत्रिकावर वन्यजीव कायद्याबरोबर 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही लागू शकतो. तक्रार करताना दोन्हींचा उल्लेख करा.

आणि श्रद्धेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या आदिवासी पाड्यांवर वसुबारसेला वाघबारस असते. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळ म्हणतात. वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले वाघदेवाचे लाकडी खांब आणि दगड अजून शिवेवर उभे आहेत. वाघाला देव मानायला त्याचं नख तोडावं लागत नाही, हे या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

रानडुकरं मका आणि भुईमूग ठेवत नाहीत. आम्ही बांधाला तारेचे फास लावतो. बिबट्यासाठी नाही. तरी आम्हाला शिकारी म्हणायचं का? (सिन्नर)

दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि भरपाईसाठी मारावे लागणारे हेलपाटेही खरे आहेत. पण फासाला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. मोटारसायकलची क्लचवायर खुंटीला बांधलेली असते, बिबट्या वाकून बांधावरून जातो आणि फास कमरेला बसतो. तो जितका ओढतो तितकी तार आत जाते. रात्रभर झुंजल्यावर सकाळी लोक जमतात, मोबाइल काढतात, आणि घाबरून त्यानं शेवटची झेप घेतली तर तार पोट कापून जाते. वनखात्याची गाडी पोहोचली तरी अशा जनावराला वाचवणं अवघड असतं.

कायद्यात फास लावणं, सापळा लावणं, त्याचा प्रयत्न करणं हे सगळं ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. हेतू डुकराचा होता हे कोर्टात सांगता येईल, पण गुन्हा दाखल होईलच, कारण रानडुक्करही संरक्षित आहे. कुंपणात वीज सोडणं तर याहून भयंकर. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि रात्री पाणी द्यायला गेलेले शेतकरीही मेले आहेत.

करता येण्यासारखं आहे ते असं: नुकसान दिसताच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज मुदतीत टाका, डुकरांचा उपद्रव फार असेल तर गावानं मिळून वनखात्याकडे रीतसर परवानगीचा अर्ज करा. बॅटरीवरचं झटका कुंपण चालतं. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जीव जात नाही. मात्र ते प्रमाणित यंत्रावरच हवं, थेट लाइनवर नाही. आणि भरपाई वेळेत मिळाली नाही तर शेतकरी पुन्हा तारेकडे वळतो, हे वनखात्यानंही ओळखायला हवं. विषाचंही तेच. 2025 च्या जूनमध्ये कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरात गाय मारल्याच्या रागातून मेलेल्या गाईवर विष टाकलं गेलं. एक वाघीण आणि तिचे चार बछडे मेले.

चीनमध्ये वाघांची शेती होते म्हणे. पाळलेल्या वाघांची हाडं विकू दिली तर जंगलातले वाचणार नाहीत का? (देवळाली)

वरवर पटतं, पण तसं होत नाही. पिंजऱ्यातला वाघ मोठा करायला वर्षानुवर्षं मांस घालावं लागतं. जंगलातला मारायला एक सापळा पुरतो. शिवाय गिऱ्हाइकाला रानटी वाघाचंच हाड अधिक गुणाचं वाटतं. कायदेशीर बाटली दुकानात आली की तिच्या आडून चोरीचा मालही खपतो. 2007 मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारातल्या देशांनी व्यापारासाठी वाघांची पैदास करू नये असं ठरवलं, तरी चीन, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये हजारो वाघ पिंजऱ्यात आहेत. 2016 मध्ये थायलंडच्या एका व्याघ्रमंदिरावर छापा पडला तेव्हा शीतपेटीत 40 मेलेले बछडे सापडले होते.

वाघांची शिकार पारधीच करतात ना? (नाव नाही)

नाही. काही टोळ्यांत पारंपरिक शिकारी जमातींतले लोक सापडले आहेत, कारण सापळा लावण्याचं कसब त्यांच्याकडे आहे आणि दलाल ते उचल देऊन विकत घेतो. पण उचल देणारा, माल नेणारा, हवाला फिरवणारा त्या जमातीचा असेलच असं नाही, आणि सगळ्यात मोठा नफा त्याचा. 1871 मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण तोच शिक्का आपण आजही गावकुसाबाहेरच्या पालावर मारतो. शाळा, जमीन, कामधंदा मिळाला की तेच कसब दुसऱ्या कामी येतं. पन्नात पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवतात, आणि माग काढण्यात त्यांच्याइतके तरबेज लोक क्वचित भेटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर कातडीचा फोटो आणि ‘घ्यायची का’ असा मेसेज आला. काय करू? (इगतपुरी)

पुढे पाठवू नका आणि पुसूही नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि वेळ दिसू द्या. वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा. वनकार्यालय लांब असेल तर 112. नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट सांगा. तुम्ही स्वतः भाव करायला, माल पाहायला किंवा पकडून द्यायला जाऊ नका. समोरचे लोक हत्यार बाळगून असू शकतात, आणि अर्धवट सौद्यानं सावध झालेला विक्रेता माल दुसरीकडे हलवतो. सापळा रचायचा तो वनखात्यानं, पंचांसमक्ष. केस कोर्टात टिकायची तर पहिला पंचनामा नीट व्हावा लागतो.