वरचा खर्च, चार महिन्यांची मुदत आणि राज्य सरकारने खरोखर करण्यासारखे काय

आपली पोस्ट वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले. पुण्यात चाळीस लाखांचे घर ठरले, कर्जही मंजूर झाले, आणि मुद्रांक शुल्काचे पैसे कुठून उभे करायचे या प्रश्नापाशी सगळे अडले, असे आपण लिहिले आहे. राज्य सरकारने हे शुल्क पुन्हा काही महिन्यांसाठी कमी करावे का, असेही विचारले आहे. मी वकील नाही, नोंदणी खात्याशी माझा संबंध एका खरेदीदाराचाच, आणि दर बदलत असल्याने आजचा दर आपण स्वतः पडताळून घ्यावा. तरीही या एका विषयात मी पुरेसे पोळलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कागदपत्रे कोणती लागतात वगैरे आपल्याला ठाऊकच असेल.

आधी हिशेब. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते, आणि ती किंमत धरताना मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वगळते; दहा लाखांपर्यंतच्या घरांना काय तो अपवाद आहे. म्हणजे चाळीस लाखांच्या घरासाठी आपले आठ लाख तर हवेतच, वर ५ टक्के मूळ शुल्क, स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि एप्रिल २०२२ पासून लागू झालेला मेट्रो अधिभाराचा १ टक्का मिळून दोन लाख ऐंशी हजार, शिवाय नोंदणी फीचे कमाल तीस हजार. एकूण अकरा लाख दहा हजार रुपये रोख. मासिक हप्ता पेलू शकणारी कितीतरी माणसे या रकमेपाशीच थांबतात, आणि म्हणून मला वाटते की घर परवडण्याच्या प्रश्नात राज्य सरकारच्या थेट हातात असलेला दोरा हाच आहे. व्याजदर त्यांच्या हातात नाही, वस्तू व सेवा कर एकट्याच्या हातात नाही. मुद्रांक शुल्क मात्र आहे.

आता माझी चूक, कारण ती आपल्याला उपयोगी पडेल. २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत राज्याने शुल्कात ३ टक्क्यांची आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सवलत दिली होती. माझा करारनामा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टंकलिखित होऊन पिशवीत तयार होता, केवळ सह्या बाकी होत्या. नोंदणीसाठी एका कार्यालयात गेलो तेव्हा जिन्यापर्यंत रांग होती आणि सर्व्हर बंद होता. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, "जानेवारीत या, नोंदणी होईल त्या दिवशीचा दर लागेल." मी ते ब्रह्मवाक्य मानून परत फिरलो आणि जानेवारीत १ टक्का जास्त भरून आलो, रक्कम सुमारे एकोणचाळीस हजार होती. त्याच इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनी ३० डिसेंबरला घरूनच ई-चलनाने शुल्क भरले, त्याच दिवशी दोन्ही पक्षांच्या सह्या केल्या आणि नोंदणी निवांतपणे फेब्रुवारीत उरकली. नोंदणी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे दस्त निष्पादित झाल्यापासून, म्हणजे सह्या झाल्यापासून, चार महिन्यांत तो नोंदणीस आणता येतो आणि शुल्काचा दर निष्पादनाच्या दिवशीचा धरला जातो, ही गोष्ट मला त्यांच्याकडून चहाच्या कपावर कळली. त्या खिडकीवर एवढे एक वाक्य लिहून लावले असते तर निम्मी रांग घरी गेली असती. राग अजून येतो, पण कायदा स्वतः न वाचणे ही चूक माझीच होती.

या अनुभवामुळे माझे मत थोडे टोकाचे झाले आहे, हे मान्य करतो: अशी तात्पुरती सवलत मला नको. मुदतीची घाई असली की खरेदीदार घासाघीस करत नाही, आणि वाचलेल्या टक्क्याचा काही भाग दरात मुरतो. त्यापेक्षा पहिल्या घराला, ठरावीक किमतीपर्यंत, कायमचा कमी दर असावा आणि मेट्रोचा टक्का त्या घरांवरून काढून टाकावा. विसंगती पाहा: विकासकाकडून घेतलेले घर गुंतवणूकदाराने तीन वर्षांच्या आत पुढे विकले तर आधी भरलेले शुल्क वजावटीला धरण्याची सोय आपल्याकडे आहे (ती मुदत २०२२ मध्ये एका वर्षावरून वाढवली गेली), पण राहण्यासाठी पहिले घर घेणाऱ्या सामान्य पगारदाराला निव्वळ पहिले घर म्हणून अशी सरसकट सवलत नाही. तिजोरीचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. परंतु किमतीनुसार टप्पे पाडले तर मोठ्या घरांवरून ती तूट बरीचशी भरून काढता येईल.

दुसरी सुधारणा वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात, म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेल्या दरांच्या रेडी रेकनरमध्ये हवी. करारातली किंमत आणि तक्त्याचे मूल्य यांतले जे जास्त त्यावर शुल्क लागते, त्यामुळे बाजार थंड असताना आपण स्वस्तात घेतलेल्या घरावर प्रत्यक्षात न दिलेल्या किमतीचेही शुल्क भरतो. माझा व्यवहार छत्तीस लाखांचा होता, मूल्यांकन एकोणचाळीस लाखांचे निघाले. इमारत जुनी असेल तर घसारा, म्हणजे वयानुसार मूल्यात घट, मिळतो, पण बांधकामाच्या वर्षाचा पुरावा लागतो. भोगवटा प्रमाणपत्र किंवा जुना मिळकतकराचा उतारा आधीच मिळवून ठेवा. मूल्याबद्दल शंका असल्यास सह्या करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांक कायद्याच्या कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क नेमके किती हे अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. वेळ जातो, परंतु नंतरच्या वसुलीच्या नोटिशीपेक्षा ते बरे. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढत जातो.

म्हाडाच्या सोडती आणि चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील २० टक्के राखीव घरे यांविषयी आपण विचारले आहे. सोडतीत अर्ज जरूर भरा, मात्र तिच्या भरवशावर हातातला व्यवहार सोडू नका. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचे उद्दिष्ट आहे; त्यातली आपल्या पगाराच्या आवाक्यात किती येतील हे ताबे मिळू लागल्यावर पाहू.

आपल्यापुरते सांगायचे तर घर केवळ पत्नीच्या नावे घेता येते का, ते बँकेला विचारा. खरेदीदार फक्त महिला असतील तर १ टक्का सवलत आहे, म्हणजे आपले चाळीस हजार रुपये. आपले नाव सहखरेदीदार म्हणून आले की ती जाते, सहकर्जदार म्हणून आले तर जात नाही. इमारत कोणत्या वर्षीची आहे आणि तक्त्यात तिचा विभाग कोणता, एवढे कळवलेत तर मूल्यांकनाचा अंदाज मी काढून देईन.