भिशीचे पैसे दिव्यांत घालू का?

प्रश्न : मंगळवार पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. महिन्याला 230 युनिटच्या आसपास वीज जाते. या महिन्यात माझी 25,000 रुपयांची भिशी लागली. आमचा नेहमीचा वायरमन म्हणतो, सगळं घर एलईडी करून घ्या, फिटिंग-मजुरीसकट 11,800 होतील, बिल निम्म्यावर येईल. पतसंस्थेत 12 टक्क्यांनी सोनेतारण कर्जही चालू आहे. काय करू?

उत्तर : ताई, एलईडी जरूर घ्या, पण 800 रुपयांचे. उरलेले 11,000 कुठं घालायचे ते पुढं सांगतो.

तुम्ही दिव्यांची यादी आणि कुठला किती वेळ जळतो हे लिहून पाठवलंत, त्यामुळं काम सोपं झालं. बचत वॉटवर जेवढी अवलंबून, तेवढीच तासांवर. वायरमन दिवे मोजतो, मीटर तास मोजतो.

तुमच्या जिन्यातला 60 वॉटचा पिवळा बल्ब घ्या. सासूबाईंना रात्री उठावं लागतं म्हणून तो दहा तास चालू असतो. तेवढाच उजेड 9 वॉटचा एलईडी देतो. म्हणजे 51 वॉट वाचले, रात्रीच्या दहा तासांचे 510 वॉट-तास, महिन्याचे 15 युनिट (1,000 वॉट-तास म्हणजे एक युनिट). एकट्या जिन्यात! सोप्यातली जुनी चोकवाली ट्यूब चोकसकट 50 वॉटच्या पुढं खाते, 20 वॉटच्या एलईडी पट्टीत तेवढंच लख्ख दिसतं. सहा तासांच्या हिशोबानं तिथं साडेपाच युनिट. स्वयंपाकघरातली तशीच ट्यूब पाच तास, म्हणून साडेचार. तीन ठिकाणं मिळून 25 युनिट झाले.

आता रुपये किती? इथं बरेच जण बिलाच्या रकमेला युनिटनं भागतात आणि चुकतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिले 100 युनिट स्वस्त, पुढचे 300 पर्यंतचे बरेच महाग. तुम्ही वाचवलेला युनिट हा वरच्या महाग टप्प्यातून कमी होतो. त्यावरचा वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्कही त्याच्याबरोबर जातं. स्थिर आकार मात्र आहे तेवढाच राहतो. मी युनिटला 12 रुपये धरलेत, तुमच्या बिलावरचे दर पाहून थोडं इकडंतिकडं करा. 25 युनिटांचे महिन्याला 300 झाले. बल्ब शंभराचा, दोन पट्ट्या पाचशेच्या, मजुरी दोनशे धरा. तीन महिन्यांच्या आत पैसे वसूल. इतका परतावा देणारी दुसरी गुंतवणूक मला तरी माहीत नाही.

आता यादीतलं बाकीचं बघा. माडीवरच्या दोन खोल्यांतल्या ट्यूब दीड तास, तीन सीएफएल दोन-दोन तास, माळ्यावरचा बल्ब दिवसाला जेमतेम दहा मिनिटं. हे सगळं बदललं तरी महिन्याला चार युनिट, म्हणजे 48 रुपये सुटतात. आणि त्यासाठी उरलेले 11,000 रुपये! ते वसूल व्हायला एकोणीस वर्षं. बिल निम्म्यावर यायचा तर प्रश्नच नाही, 230 चे 200 होतील इतकंच. सगळे दिवे बदलून जेवढी वीज वाचेल, त्याहून जास्त तुमचा एकटा गिझर ओढतो. 2,000 वॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला 30 युनिट.

म्हणून सीएफएल जळेपर्यंत चालू द्या. गेले की एकेक एलईडी लावा. फक्त फुटू देऊ नका, आत थोडा पारा असतो. माळ्यावरचा बल्ब तर विसरूनच जा.

ते 11,000 सोनेतारण कर्जात भरा. 12 टक्क्यांनी महिन्याचं 110 रुपये व्याज थांबेल, 48 च्या दुपटीहून जास्त, आणि दागिने लवकर घरी येतील. भिशीतले उरलेले 13,200 सुद्धा तिकडंच जावेत असं माझं मत आहे. सगळे भरायला मन होत नसेल तर तीनेक हजार मागं ठेवा. सोप्यातला जुना पंखा गेला की 30 वॉटचा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा घेता येईल. साध्या पंख्यापेक्षा 45 वॉट कमी, दहा तासांना महिन्याचे साडेतेरा युनिट. दीड-पावणेदोन वर्षांत सुटतो, पण चालू पंखा काढून नको.

त्या 11,800 मधले मोबाइलवरून रंग बदलणारे बल्ब कशासाठी आहेत ते मला कळलं नाही. मोबाइलवरून बंद केलेले असतानाही ते थोडी वीज घेत राहतात. आणि दर. 2014 साली सरकारी खरेदीत एलईडी बल्ब 310 रुपयांना पडायचा, उजाला योजनेची मोठी खरेदी सुरू झाल्यावर 2016 पर्यंत तो 38 वर आला. आज साध्या चांगल्या बल्बला शे-सव्वाशेच्या वर द्यायचं कारण नाही.

खरेदी करताना वॉट बघून थांबू नका, खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. 60 वॉटच्या जागी 800 च्या आसपास हवेत. स्टार लेबल आणि बीआयएस नोंदणीची खूण (R नं सुरू होणारा क्रमांक) बघा. 25,000 तास वगैरे छापलेलं असतं, पण आधी जातो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, उष्णतेनं नाहीतर विजेच्या झटक्यानं. एप्रिल-मे मधला वळीव आणि त्यातली लाइटची ये-जा आपल्याकडं काही नवी नाही. म्हणून तारखेचं पक्कं बिल घ्या, खोक्यासकट जपून ठेवा, वॉरंटीत बदलून मिळतो. जिन्यातला दिवा जुन्या बंद काचेच्या गोळ्यात असेल तर गोळा काढून टाका, आत हवा खेळत नाही.

आधी जिन्यातला एकच लावून बघा. पांढरा डोळ्यांना टोचला तर वॉर्म व्हाइट मागा, सासूबाईंना रात्री तोच बरा. बटण बंद केल्यावरही तो मंद लुकलुकत राहिला तर बल्ब परत करायला धावू नका. जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा बटणावर फेजऐवजी (करंटच्या तारेऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, आणलेली असते. असं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. वायरमन सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, त्याला नाही कसं म्हणायचं असं तुम्ही लिहिलंय. नाही म्हणूच नका. पट्ट्या त्याच्याकडूनच बसवून घ्या, आणि टेस्टर लावून घरातलं एकेक बटण तपासायला सांगा. त्या कामाची मजुरी वेगळी मागितली तर घासाघीस न करता द्या.