सूर चढतो, पिस्टन अडतो: ट्रम्पेटवादकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर मधल्या सीच्या लगतचे डी आणि सी शार्प नेहमी चढे लागतात. बाकीचे सूर ठीक आहेत. वाद्य बदलावं का?

उत्तर: बदलू नका. नवा घेतलात तरी हेच होणार, कारण दोष नळीच्या गणितात आहे. बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण 148 सेंमी लांब असते. दुसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची झडप) तिला सुमारे 9 सेंमीची जोड देऊन अर्धा सूर उतरवतो, पहिला 18 सेंमी देऊन एक सूर आणि तिसरा 28 सेंमी देऊन दीड सूर. ही मापं व्हॉल्व्ह एकेकटा दाबला तरच नेमकी बसतात. एक व्हॉल्व्ह दाबून नळी लांब झाली, की पुढचा सूर उतरवायला आधीपेक्षा जास्त नळी लागते आणि तेवढी मिळत नाही. डीसाठी (व्हॉल्व्ह 1 आणि 3) जवळजवळ साडेएकोणपन्नास सेंमी हवेत, मिळतात 46. सी शार्पसाठी (तिन्ही) 61 हवेत, मिळतात 55. तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकती नळी, मुळातच थोडी लांब ठेवून कारागीर यातली काही तूट भरून काढतात, सगळी नाही.

उरलेली तुम्ही भरायची. तिसऱ्या स्लाइडवरची बोटाची कडी त्यासाठीच आहे. डीला स्लाइड 1 ते दीड सेंमी बाहेर सरकवा, सी शार्पला 2 ते अडीच. स्लाइडला दोन पाय असतात, त्यामुळे 1 सेंमी सरकवली की नळी 2 सेंमीने वाढते. नेमकं अंतर प्रत्येक वाद्याचं वेगळं असतं. ते शोधताना ट्यूनर लावा, पण आधी डोळे मिटून सूर धरा आणि मग काट्याकडे बघा. काट्याकडे बघत वाजवलंत तर ओठच सूर ओढून जागेवर आणतील आणि स्लाइडचं खरं माप कळणार नाही. ही स्लाइड बोटाच्या हलक्या धक्क्याने सरकली पाहिजे. तिला जाड ग्रीस लावलेलं असेल तर पुसून पातळ स्लाइड ऑइल लावा. जाड ग्रीस फक्त मुख्य ट्यूनिंग स्लाइडला.

प्रश्न: ट्रम्पेट धुऊन पुन्हा जोडला, तर आता फुंकच आरपार जात नाही. शिवाय मधला पिस्टन दाबला की वर यायला वेळ लावतो.

उत्तर: फुंक अडली म्हणजे पिस्टनांची (व्हॉल्व्हच्या आतल्या दट्ट्यांची) अदलाबदल झाली आहे किंवा एखादा फिरलेला बसला आहे. प्रत्येक पिस्टनवर 1, 2, 3 असा आकडा कोरलेला असतो. 1 नंबर माउथपीसच्या बाजूला. पिस्टन आत सोडून हळूहळू फिरवा; गाइड, म्हणजे पिस्टनवरचा छोटा खुंटा, खाचेत बसताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. त्यानंतरच वरची टोपी आवळा.

मधला पिस्टन जड होण्याचं कारण बहुतेक वेळा ग्रीस असतं. स्लाइड आत ढकलताना तिच्या तोंडाशी साठलेलं ग्रीस थेट व्हॉल्व्हच्या नळकांड्यात उतरतं. बिन-धाग्याच्या फडक्याने पिस्टन आणि नळकांडं कोरडं पुसा, ऑइलचे तीन-चार थेंब टाका, पिस्टन वीसेक वेळा वर-खाली करा. तरीही अडत असेल तर दुसऱ्या स्लाइडला कधी धक्का लागला होता का, ते आठवा. ती स्लाइड बाहेरच्या अंगाला उघडी असते, आणि तिला बसलेला मार नळकांडं किंचित चेपवतो. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. घरी पिस्टन घासून जागा करायला जाल तर तो कायमचा सैल होईल.

व्हॉल्व्ह झिजले आहेत का, हेही पाहून घ्या. ताजं ऑइल घाला, पहिला व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड दोनेक सेंमी ओढा, पाच सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर हवा धरून ठेवली जाते आहे. काहीच आवाज आला नाही तर हवा गळते आहे, जरा जाड ऑइल वापरून पाहा. एरवी मात्र स्लाइड ओढताना व्हॉल्व्ह दाबूनच ठेवायचा. आणि पुढच्या वेळी धुताना पाणी कोमटच घ्या. कढत पाण्याने लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, सुटतं.

प्रश्न: 7सीवरून 3सी माउथपीसवर गेल्यास वरचे सूर सोपे होतील का?

उत्तर: नाही. बाख कंपनीच्या मापात आकडा लहान तर कप, म्हणजे माउथपीसची वाटी, रुंद: 7सीचा आतला व्यास 16.20 मिमी, 3सीचा 16.30. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. ओठांना जाणवतो तो मुख्यतः रिमच्या, म्हणजे काठाच्या, आकारातला फरक, आणि त्यासाठी 3सी जरूर वाजवून पाहावा. अक्षर खोली सांगतं, ‘सी’ मध्यम. उथळ कपाने वरचा सूर उजळ होतो, पण ओठांत बळ नसेल तर लागतच नाही. यामाहाचे आकडे उलट चालतात, मोठा आकडा म्हणजे रुंद कप. मागवताना इथेच घोळ होतो.

प्रश्न: लीडपाइपवर (माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर) गुलाबी ठिपके दिसू लागले आहेत.

उत्तर: ठिपक्याच्या मध्यावर काळसर टिंब असेल तर पितळेतलं जस्त आतून निघून जातं आहे. पॉलिशने ते जाणार नाही. आतून ब्रशने नियमित साफ करा म्हणजे वेग कमी होईल. भोक पडलं की पाइप बदलायचा.

प्रश्न: जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या जुन्या रेकॉर्डसोबत वाजवतो तेव्हा माझा ट्रम्पेट उतरा वाटतो. आणि त्यातला तो म्यूट (बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडात, बसवून आवाज दाबणारं साधन) कोणता?

उत्तर: तुमचा कान अगदी बरोबर आहे. 2 मार्च 1959 च्या सत्रात मुद्रण करणारं टेप यंत्र किंचित हळू चाललं. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ऐकताना सुमारे पाव सूर चढ्या येतात. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती योग्य पट्टीत आहे. 1990 च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत ही चूक सुधारली गेली. सरावाला त्या घ्या.

म्यूट हार्मन प्रकारचा, मधली दांडी काढून टाकलेला. त्याला भोवती पूर्ण बुचाची कडी असते, म्हणजे सगळी हवा म्यूटमधूनच जाते. बेलच्या आत तोंडाची वाफ सोडा, म्यूट घालून थोडा पिळा, नाहीतर निसटतो. सूर चढतो, म्हणून ट्यूनिंग स्लाइड जराशी ओढा. आणि माइकच्या अगदी जवळ वाजवा, कारण या आवाजाचा गाभा इतका बारीक असतो की चार हातांवरून तो विरून जातो. ‘ब्लू इन ग्रीन’ हळू आवाजात ऐका, सुराच्या आधीची फुंकही ऐकू येते.

प्रश्न: ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर: लुई आर्मस्ट्राँगचं ‘वेस्ट एंड ब्लूज’, 28 जून 1928. सुरुवातीला साथीशिवाय एकटा ट्रम्पेट आहे, आणि शेवटच्या फेरीत तोच वरचा बी-फ्लॅट जवळपास चार मात्राचक्रं धरून ठेवतो. तो सूर जाड होत नाही, थरथरत नाही, आणि तो सुटतो तेव्हाही दम संपल्याची खूण नाही.

मग हायडनची 1796 ची कॉन्चेर्तो. ती आंतोन वायडिंगरच्या चाव्या लावलेल्या ट्रम्पेटसाठी लिहिलेली आहे. साध्या ट्रम्पेटवर खालच्या पट्टीत सलग सूर नव्हतेच. दुसऱ्या भागात चाल अर्ध्या अर्ध्या सुराने सरकते, त्या काळी हे केवढं नवं असेल! विंटन मार्सालिसचं 1983 चं मुद्रण आणि होकन हार्डेनबर्गर यांचं वाद्यवृंद संचालक नेव्हिल मॅरिनर यांच्यासोबतचं, दोन्ही शेजारी ठेवून फक्त हा भाग ऐका. मार्सालिस सूर कुठे सोडतो आणि हार्डेनबर्गर कुठे, हे स्वरलिपीवर पेन्सिलीने खुणा करत गेलात तर श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप सापडेल.