जुने रोमँटिक कॉमेडी सिनेमे खरंच जास्त चांगले होते का?

१९३०-४० च्या दशकांतल्या रोमँटिक कॉमेडी आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या रोमँटिक कॉमेडी यांत नेमका फरक काय, आणि जुन्यांचं कौतुक म्हणजे नुसतं स्मरणरंजन तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते कौतुक रास्त आहे, पण त्याचं जे कारण सहसा सांगितलं जातं ते पटण्यासारखं नाही. ‘तेव्हाचं प्रेम निरागस होतं’ असं म्हणणाऱ्यांनी ते सिनेमे पुन्हा एकदा पाहावेत. त्यांतली माणसं घटस्फोट घेतात, एकमेकांना फसवतात, पैशावर डोळा ठेवून लग्नाला उभी राहतात. ‘द लेडी ईव्ह’ (१९४१) ची नायिका तर पत्त्यांत लबाडी करून श्रीमंतांना लुबाडणारी आहे, आणि तरी आपण पहिल्या प्रसंगापासून तिच्याच बाजूचे असतो.

रोमँटिक कॉमेडी पाहताना मी एकच गोष्ट बघते : या दोघांच्या मध्ये नेमकं काय उभं आहे? जुन्या सिनेमांत ते बहुतेक वेळा बाहेर असायचं. बाप, पैसा, वर्ग, नोकरी, ठरलेलं लग्न. त्याला तोंड द्यायचं तर दोघांना मिळून काहीतरी करावं लागायचं, आणि ते करताना त्यांचं प्रेम आपल्या डोळ्यांसमोर घडायचं. नव्या सिनेमांत अडथळा मनात शिरला. जुनी जखम, बांधिलकीची भीती, करिअरची ओढाताण. मनातला अडथळा दाखवायला अवघड, म्हणून पात्रं तो बोलून सांगतात. मैत्रिणीला सांगतात, थेरपिस्टला सांगतात, शेवटी विमानतळावर धावत जाऊन एकमेकांना सांगतात.

फ्रँक कॅप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) घ्या. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा हे पाचही मुख्य ऑस्कर मिळवणारा हा पहिला सिनेमा. बापाच्या तावडीतून पळालेली श्रीमंत मुलगी आणि बातमीच्या मागावर असलेला पत्रकार, दोघं बसने न्यूयॉर्कला निघतात. (आपल्याकडे ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है के मानता नहीं’ याच गोष्टीवरून आले.) रात्री एकाच खोलीत राहावं लागतं तेव्हा दोघांच्या मध्ये दोरीवर टाकलेल्या ब्लँकेटचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, पण मला त्याच्या पुढचा जास्त महत्त्वाचा वाटतो. सकाळी बापाने लावलेले गुप्तहेर खोलीत घुसतात. क्षणात हे दोघं लग्न झालेल्या, कटकटीला विटलेल्या नवराबायकोचं सोंग घेतात आणि कडाकडा भांडू लागतात. कोणी कोणाला खूण केलेली नसते. तो एक वाक्य टाकतो, ती पुढचं उचलते, तिचा गळा काढून रडण्याचा अभिनय तर त्याच्याही अपेक्षेबाहेरचा असतो. गुप्तहेर गेल्यावर दोघं हसतात, आणि आपल्याला कळतं की यांचं जमलं. ‘मला तू आवडतेस’ हे वाक्य अजून खूप लांब आहे. दोघांना एकाच सुरात खेळता येतं हे आपण पाहिलेलं असतं, आणि पुढच्या सगळ्या रुसव्या-गैरसमजांत आपल्याला तेवढा भरवसा पुरतो.

या पद्धतीमागे हॉलिवूडची सेन्सॉरसंहिताही होती. ती १९३० मध्ये तयार झाली, १९३४ च्या मध्यापासून काटेकोरपणे लागू झाली आणि १९६८ मध्ये वयानुसार वर्गवारी येईपर्यंत नावापुरती का होईना टिकली. शरीराची ओढ उघड दाखवता येत नव्हती, म्हणून ती संवादांच्या वेगात आणि भांडणाच्या लज्जतीत उतरली. हॉवर्ड हॉक्सच्या ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) मध्ये एक संपादक आणि त्याची वार्ताहर एकमेकांचं वाक्य पुरं होऊच देत नाहीत, बोलण्यावर बोलणं चढत जातं. मूळ नाटकात ती दोन्ही पात्रं पुरुष होती. हॉक्सने वार्ताहर बाई केली आणि तिला संपादकाची घटस्फोटित बायको बनवलं. त्यामुळे प्रेमाचा मामला आणि कामाचा मामला एकच झाला. संपादक तिला परत हवी म्हणतो तेव्हा त्याला बायको हवी आहे की आपली सर्वांत हुशार बातमीदार, हे सांगता येत नाही. मला वाटतं, त्यालाही ते वेगळं करता आलं नसतं.

स्टॅन्ली कॅव्हेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये या काळातल्या सात सिनेमांवर पुस्तक लिहिलं आणि त्यांना ‘पुनर्विवाहाची कॉमेडी’ असं नाव दिलं. त्याचं निरीक्षण असं की तरुण जोडपं एकत्र कसं येतं यापेक्षा, तुटलेलं किंवा तुटू पाहणारं जोडपं पुन्हा एकमेकांना कसं निवडतं हा या सिनेमांचा विषय आहे. आजच्या रोमँटिक कॉमेडीत हे फारच क्वचित दिसतं. आज गोष्ट पहिल्या भेटीपासून होकारापर्यंत. जुन्यांना होकारानंतरच्या आयुष्यात रस होता, आणि म्हणूनच ते मोठ्या माणसांचे सिनेमे वाटतात.

नव्या-जुन्याची तुलना स्वतःच्या डोळ्यांनी करायची असेल तर एकाच गोष्टीवरचे दोन सिनेमे लागोपाठ पाहा : अर्न्स्ट लुबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) आणि नोरा एफ्रनचा ‘यूव्ह गॉट मेल’ (१९९८). दोन्हींचं मूळ मिक्लोश लासलो यांचं हंगेरियन नाटक. प्रत्यक्षात एकमेकांशी न पटणारे दोघं निनावी पत्रांतून प्रेमात पडतात, एवढं सूत्र समान.

लुबिचच्या सिनेमात दोघं बुडापेस्टमधल्या एकाच दुकानात नोकरीला आहेत, आणि नोकरी जाण्याची भीती सिनेमाभर पसरलेली आहे. मालकाने एखाद्या वस्तूबद्दल ‘प्रामाणिक मत’ विचारलं की पिरोविच नावाचा प्रेमळ, बायकामुलांचा सहकारी गुपचूप जिना चढून गायब होतो. हा विनोद आहे, पण प्रत्येक वेळी हसताना आतून टोचतो. ज्या संध्याकाळी नायक पत्रातल्या मैत्रिणीला प्रथमच भेटणार असतो, त्याच दिवशी त्याला कामावरून काढलेलं असतं. पत्रातली ‘ती’ कोण हे त्याला कॅफेच्या खिडकीबाहेर कळतं, आणि आत जाऊन तो तिच्याकडून स्वतःबद्दलचं बोचरं मत ऐकून घेतो. त्यानंतरचा एक क्षण माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वांत सुंदर आहे : पोस्टातल्या पेटीत आतून हातमोजा घातलेला हात चाचपडताना दिसतो, पेटी रिकामी असते, आणि मग त्या चौकटीत तिचा चेहरा येतो. संवाद नाही. प्रेम म्हणजे कुणाला तरी आपली गरज असणं, आणि या माणसांना दिवसभर तर कोणी तसं वागवतच नाही, हे सगळं त्यात येतं.

‘यूव्ह गॉट मेल’ मला आवडतो. मेग रायन आणि टॉम हँक्स यांचं पडद्यावरचं सूत जुळणं खोटं नाही, आणि ई-मेल येण्याची ती हुरहुर त्या काळाची अस्सल नोंद आहे. पण इथे नायक भल्यामोठ्या पुस्तकदुकानांच्या साखळीचा वारस आहे आणि नायिकेचं, तिच्या आईपासून चालत आलेलं छोटं दुकान त्याच्यामुळे बंद पडतं. हा केवढा खरा, केवढा बाहेरचा अडथळा! एफ्रनने तो उभा केला आणि मग बाजूला ठेवून दिला. दुकान जातं, ती थोडी रडते, आणि उरलेला सिनेमा तिने त्याला माफ करावं यासाठी त्याच्या गोडव्यावर खर्च होतो. लुबिच पैशाची गोष्ट शेवटपर्यंत विसरत नाही. शेवटच्या प्रसंगाआधी नायकाला नोकरी परत मिळते, बढती मिळते, मग तो खरं सांगायला उभा राहतो.

या दोन टोकांच्या मध्ये ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) उभा आहे. त्याचंही लेखन एफ्रनचं, दिग्दर्शन रॉब रायनरचं. त्यात बाहेरून कोणीच आडवं येत नाही. बारा वर्षं हे दोघं फक्त स्वतःच्या आड येतात. तो चालतो, कारण त्या बारा वर्षांत ते खरोखर बोलत असतात, आणि अखेरच्या भाषणात हॅरी तिच्या बारीकसारीक सवयी मोजून दाखवतो तेव्हा त्या आपणही पाहिलेल्या असतात. नंतरच्या कित्येक सिनेमांनी भाषण उचललं आणि बारा वर्षं गाळली.

जुन्यांचे दोषही तितकेच ठळकपणे सांगायला हवेत. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) सुरू होतो तो नायक बायकोच्या तोंडाला हात लावून तिला ढकलतो या प्रसंगाने, आणि तो हसण्यासाठी आहे. त्याच सिनेमात बाप स्वतःच्या बाहेरख्यालीपणाचं खापर मुलीवर फोडतो आणि पटकथा त्याचं म्हणणं मान्य करते. मला तो भाग आजही सहन होत नाही, बाकी सिनेमा कितीही देखणा असला तरी. शिवाय कृष्णवर्णीय आणि गोऱ्या माणसांमधले संबंध दाखवायला त्या संहितेने मनाईच केली होती. कितीतरी माणसांना त्या जगात नोकर म्हणूनच प्रवेश होता.

म्हणून नव्यांतला ‘द बिग सिक’ (२०१७) मला इतका मोलाचा वाटतो. कुमेल नानजियानी आणि एमिली गॉर्डन या नवराबायकोने स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेला हा सिनेमा. पाकिस्तानी कुटुंबातला विनोदवीर, गोरी मैत्रीण, आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी ‘सहज आलेली’ एखादी उपवर मुलगी. त्या मुलींचे फोटो तो एका डब्यात साठवतो, तो डबा तिच्या हाती लागतो आणि सगळं तुटतं. मग ती आजारी पडते, डॉक्टर तिला औषधांनी बेशुद्ध ठेवतात, आणि तो इस्पितळात तिच्या आईवडिलांबरोबर दिवस काढतो. त्यातून त्याचं प्रेम पक्कं होतं. पण ती शुद्धीवर येते तेव्हा तिच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. तिच्यासाठी तो अजून तोच डबेवाला, खोटं बोललेला मुलगा. ती त्याला जायला सांगते, आणि ते तिचं अगदी बरोबर असतं. ही अडचण १९४० मध्ये कोणी लिहिली नसती, पण तिची बांधणी जुन्या सिनेमांइतकीच भक्कम आहे. ‘पाम स्प्रिंग्ज’ (२०२०) वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतो : एकाच दिवसात अडकलेल्या दोघांना मिळून करायला भरपूर आहे, आणि नायिका सुटकेसाठी चक्क भौतिकशास्त्र शिकते.

मधल्या काळात हा प्रकार थिएटरांतून जवळजवळ हद्दपार झाला, त्याचं कारण प्रेक्षकांचं मन कोरडं झालं हे नव्हे. डीव्हीडीची विक्री घसरली तसं मध्यम खर्चाच्या सिनेमांचं गणित बिघडलं आणि स्टुडिओ महागड्या मालिकापटांकडे वळले. रोमँटिक कॉमेडी स्ट्रीमिंगवर गेली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘एनीवन बट यू’ ने जगभर २० कोटी डॉलरहून जास्त कमावले, तेव्हा थिएटरचा प्रेक्षक अजून आहे हे पुन्हा दिसलं.

पाहायला सुरुवात करणार असाल तर आधी ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’, मग ‘यूव्ह गॉट मेल’, आणि त्यानंतर थेट ‘द बिग सिक’ असा क्रम ठेवा. ‘हिज गर्ल फ्रायडे’ सबटायटल लावून पाहा, कारण पहिल्या खेपेला निम्मे संवाद निसटतात. आणि ‘द लेडी ईव्ह’ मध्ये बार्बरा स्टॅनविक हातातल्या छोट्या आरशातून जेवणघरातल्या सगळ्या बायकांची नायकाला गटवण्याची धडपड पाहत राहते, तो प्रसंग येईपर्यंत तरी उठू नका.