आधीच्या पिढीने चार-चार मुलं वाढवली, मग आताच्या आईला एकच जड का जातं?

कारण घरातले हात कमी झाले, काम नाही. चार मुलांच्या घरात थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची; ती मजुरी कुणी हिशेबात धरत नाही.

माझा खरा वाद आहे तो बाळ रडलं की आजी देते त्या ‘तुझं दूध पुरत नाही’ या निकालाशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रुबी किंगसारख्या डॉक्टरांनी दर चार तासांनी, घड्याळ बघून पाजायची शिस्त लावली. पुढे डब्याच्या दुधाचा प्रचार इतका बोकाळला की १९८१ मध्ये जागतिक पातळीवर त्यासाठी आचारसंहिता करावी लागली. त्या काळात आई झालेल्यांना तासाभरात परत रडणारं बाळ उपाशीच वाटणार.

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, संध्याकाळी तर लागोपाठ. तेव्हा बाटली दिली की ते झोपतं आणि आजीचा निकाल खरा ठरतो! पण त्या वेळचं अंगावर पाजणं राहून गेलेलं असतं. छाती भरलेली राहिली की दूध बनण्याचा वेग मंदावतो. रोज असं झालं तर दूध खरोखर आटतं.

मोजायचंच तर पाचव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ ओले लंगोट मोजा. वजन साधारण दोन आठवड्यांत जन्माइतकं परत यायला हवं. छाती मऊ लागणं हा दूध कमी असल्याचा पुरावा नाही. दूध काढायच्या पंपाने थोडंच निघणं हाही नाही. पंपाचं छातीला लावायचं फनेल चुकीच्या मापाचं किंवा त्याची रबरी झडप सैल असली तरी तेच होतं. पाजताना दुखत असेल तर बहुतेकदा बाळाने फक्त बोंडी धरलेली असते. तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी आधी टेकवा, खालचा काळा भाग जास्त आत जाऊ द्या.

कामावर जाणारीने साधारण दर तीन तासांनी दूध काढावं. ते २५ अंशांपर्यंत बाहेर ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. फ्रिजच्या दारात मात्र ठेवू नका.

थायरॉइड, छातीची शस्त्रक्रिया, बाळंतपणानंतर वारेचा तुकडा गर्भाशयात राहणं अशा कारणांनी काहींना दूध खरंच कमी येतं. बाळ मरगळलं किंवा वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर वाद बाजूला ठेवून डॉक्टर गाठा, सांगतील तसं वरचं दूध द्या. त्यात कमीपणा कसला?

आजीला मदत करायची असेल तर रात्री पाजून झालं की बाळ तिने घ्यावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा, पंपाचे भाग धुवून वाळत टाकावेत. आईला तेवढीच सलग दोन तास झोप.