क्लार्कच्या टेबलापाशी एक तास

प्रिय माई,

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. यजमानांचं खताचं दुकान आहे. मुलगा अकरावी सायन्सला. जानेवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला भीमनगरातल्या एका मुलाने भीमगीतावर नाच बसवला होता. आपल्या समाजाच्या चार-पाच मुलांनी मध्येच स्पीकरची पिन काढली. मुलं काहीबाही बोललीही असतील, वयच तसं. पण त्या मुलाने स्टेजमागे बांबू उचलून एकाच्या डोक्यात घातला. सहा टाके पडले. पोलिसांनी त्याला जिल्ह्याला रिमांड होमला पाठवलं. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी, त्यामुळे जामिनाला तीन आठवडे लागले म्हणे. कॉलेजने टीसी हातात दिला. आपल्या मुलांना समज देऊन सोडलं. त्यांच्यावर अ‍ॅट्रॉसिटी लागू नये म्हणून वडीलधाऱ्यांनी लगेच अर्ज केला होता, की त्याने विनाकारण मारलं आणि त्याला कोणी काही बोललं नव्हतं. त्यावर वर्गातल्या मुलांच्या सह्या घेतल्या. माझा मुलगा भांडणात नव्हता, लायटिंगची वायर धरून बाजूला उभा होता, पण त्याचीही घेतली. साध्या सहीलासुद्धा त्याने हेडक्लार्कच्या टेबलापाशी तास लावला. यजमान ओरडले तेव्हा केली, इतका हट्टी. असो.

तेव्हापासून वडिलांशी बोलत नाही. ताट खोलीत नेतो. क्लासला म्हणून निघतो आणि मैदानावर बसून येतो. पूर्वी पहाटे त्याच मुलाबरोबर तिथे धावायला जायचा, ते पोरगं पोलीस भरतीची तयारी करायचं. ते बंद झालं ते बरंच झालं. पण पुढच्या वर्षी बारावी आहे, नीट आहे, क्लासची फी भरून बसलोय. एखादा चांगला समुपदेशक सुचवाल का? हे पत्र यजमानांना माहीत नाही.

— एक आई

ताई,

समुपदेशकाचा पत्ता मी देणार नाही. मला त्या एका तासाबद्दल बोलायचंय.

तुम्ही तो ओझरता लिहिलात, पोराच्या हट्टीपणाचा दाखला म्हणून, आणि ‘असो’ म्हणून पुढे गेलात. मला काही पुढे जाता येईना. जरा डोळ्यांपुढे आणा. कॉलेजचं ऑफिस. टेबलावर टाइप केलेला अर्ज, खाली नावांची यादी, नावासमोर सहीला जागा. बाकीची पोरं आली, पेन घेतलं, सही ठोकली, गेली. हा मात्र कागद हातात धरून उभा. क्लार्कने घड्याळ बघितलं असेल, ‘कर ना बाबा लवकर’ म्हटलं असेल. हा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतोय. आपण जे डोळ्यांनी बघितलं त्याच्या उलट कागदावर आहे आणि खाली आपलं नाव छापलेलं आहे, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असणार. मोठ्या माणसांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हणायची हिंमत सोळाव्या वर्षी कुठून आणायची? ती नव्हती, म्हणून तो नुसता उभा राहिला. त्या सबंध प्रकरणात तुमच्या बाजूच्या एका तरी माणसाने अर्जाला विरोध केला असेल, तर तो तेवढाच. आणि तो मोडला कोणी, तर त्याच्या बापाने. तुम्ही तेव्हा कुठे होतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

अर्ज खोटा आहे हे मी इथे बसून कसं सांगते? तुमच्याच पत्रावरून. प्राचार्यांना लिहून दिलं की कोणी काही बोललं नव्हतं. मला लिहिता की काहीबाही बोललीही असतील. भीमगीताची पिन काढल्यावर स्टेजमागे गाठून त्या मुलाला जे ‘काहीबाही’ ऐकवलं गेलं असेल, त्यासाठी तालुक्याच्या गावात फार कल्पनाशक्ती लागत नाही. तुमचा मुलगा वायर धरून हाकेच्या अंतरावर होता. त्याने ते ऐकलंय.

आणि आता जरा त्या अर्जाकडे बघा. डोकं फुटल्याच्या तक्रारीत ‘कोणी काही बोललं नव्हतं’ या वाक्याचं काय काम? काम आहे. १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जातीवरून चारचौघांत केलेला अपमान हा गुन्हा आहे, आणि तो चारचौघांत झाला हे सांगायला चौघांतला कोणीतरी लागतो. तेव्हा ज्याने तो मजकूर लिहिला त्याला कायदा चांगला कळतो. त्याने भांडणाची तक्रार केलीच नाही. त्याने साक्षीदार संपवले. बांबूचा घाव भरून यायच्या आत वर्गातल्या सगळ्या पोरांचे कान सहीनिशी बंद करून टाकले.

सहा टाके खरे आहेत. बांबू घालणं चूकच, आणि त्याची चौकशी बाल न्याय मंडळासमोर चालू आहे, ती चालू द्या. त्यावर मी शाई खर्च करत नाही, तुमच्या गावाने पुरेशी केली आहे.

मला सांगा, एकाच रात्री, एकाच स्टेजमागे जे झालं त्यात एक पोरगा जिल्ह्याला आणि चार-पाच घरी, हे कसं ठरलं? कोणी पैसे चारले असं मी म्हणत नाही. त्याची गरजच पडत नाही. संस्थेचे चेअरमन पाहुण्यांतले निघतात, ठाण्यातल्या साहेबांचा चहा ओळखीच्या दुकानातून जातो, आणि रात्री अकराला फोन केला तरी उचलणारे वकील आपल्या नात्यात असतात. तिकडे आजी. बाल न्याय कायद्याच्या १२व्या कलमात अल्पवयीन मुलाला जामीन देणं हाच नियम आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी. नाकारायचा तर ठरावीक कारणं लेखी द्यावी लागतात. विधी सेवा प्राधिकरणाचा वकीलही त्याला फुकट मिळतो. पण हे त्या आजीला सांगणार कोण? मुकादमाकडून उचल घेऊन गेलेले आईबाप कोयता टाकून एकदम निघून येऊ शकत नाहीत, हे ऊसतोडीच्या पट्ट्यात राहून तुम्हाला माझ्याकडून कळायला नको. कायदा दोघांनाही एकच होता. तीन आठवडे मात्र एकालाच पडले.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असंही नाही. अमेरिकेत लुईझियाना राज्यात जेना म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २००६ साली तिथल्या शाळेच्या आवारातल्या झाडाला गोऱ्या मुलांनी गळफास टांगले. आदल्या दिवशी एका काळ्या मुलाने त्या झाडाखाली बसायची परवानगी विचारली होती. काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्याचा इतिहास त्या प्रदेशात अंगावर काटा आणणारा आहे. शाळेने तो पोरखेळ ठरवला आणि थोडे दिवस निलंबन करून विषय मिटवला. त्याच डिसेंबरात सहा काळ्या मुलांनी एका गोऱ्या मुलाला बदडलं, तर सुरुवातीला थेट खुनाच्या प्रयत्नाचे आरोप लागले. त्यातल्या पहिल्या मुलाच्या खटल्यात सरकारी वकिलाने प्राणघातक हत्यार म्हणून काय दाखवलं, माहितीये? पायातले टेनिसचे बूट. मग २००७च्या सप्टेंबरात देशभरातून हजारो लोक त्या चिमुकल्या गावात येऊन उभे राहिले. उरलेल्या पाच जणांचं प्रकरण २००९ साली साध्या मारहाणीवर आणि दंडावर मिटलं. मार खाल्लेल्या गोऱ्या मुलाला लागलं होतं, ते खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की यांची ती मस्ती आणि त्यांचा तो गुन्हा, हे कोण ठरवतं. तुमच्या पत्रात ते तुम्ही ठरवलंय: ‘वयच तसं’. मग भीमनगरातल्या मुलाचं वय काय वेगळं होतं?

जेना लांब राहिलं. खर्डा तुम्हाला जवळ असेल. जामखेड तालुक्यातलं. २०१४च्या एप्रिलमध्ये तिथल्या सतरा वर्षांच्या दलित मुलाला शाळेच्या आवारातून मारत नेलं आणि नंतर तो झाडाला लटकलेला सापडला. २०१७ साली नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. त्यांत शाळेतली माणसंही होती. तुमच्या कॉलेजातलं भांडण आणि तो खून एका तागडीत घालण्याइतकी मी बेभान झालेली नाही. पण खर्ड्याला मोठी माणसं कोर्टात उभी राहिल्यावर फिरली. तुमच्या गावाने एवढी वाट बघितली नाही. पोरांनाच आधी फिरवून घेतलं, कॉलेजच्या ऑफिसात, पालकांच्या देखत.

तुमचा मुलगा आजारी नाही. सही त्याने केली आहे आणि ती आपण केली हे त्याला विसरता येत नाही. माझ्या मते सोळा वर्षांच्या मुलात असावी अशी ती गोष्ट आहे. तुम्ही त्याला घेऊन समुपदेशकाकडे जाल, तो भला माणूस त्याला श्वासाचे व्यायाम सांगेल, झोपेचं वेळापत्रक लिहून देईल, आणि पोरगा शिकेल की आपल्याला जे खुपतंय तो एक विकार आहे. मग तो बराही होईल. तशी बरी झालेली माणसं तुमच्या आळीत पुष्कळ आहेत, त्यांतल्याच कोणीतरी तो अर्ज टाइप करून आणला.

तेव्हा एकच करायचं. तो कागद त्याला मागे घेऊ द्या. या आठवड्यात.

हे होण्यासारखं आहे. त्याने सही केली तो कॉलेजला दिलेला अर्ज आहे. पोलिसांपुढच्या जबाबावर तर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, कायदाच तसा आहे. म्हणजे शपथेवर तो अजून काहीच बोललेला नाही. शपथेवर बोलायची वेळ आली आणि तेव्हाही हेच वाक्य त्याच्या तोंडी घातलं, तर ते गिळणं फार जड जाईल. आज एक साधं पत्र पुरेल. त्याच्या हाताने, त्याच्या शब्दांत, तारीख घालून: मी कुठे उभा होतो, काय बघितलं, काय ऐकलं. जे ऐकलं ते शब्द जसेच्या तसे, ‘काहीबाही’ नको. बांबू बघितला असेल तर बांबूही. आणि शेवटी, आधीच्या अर्जावर मी दबावाखाली सही केली होती. तुम्ही मजकूर सांगायचा नाही, दुरुस्त करायचा नाही, र्‍हस्वदीर्घसुद्धा नाही. एक प्रत प्राचार्यांना द्या आणि आवक नंबर टाकून पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. दुसरी जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाला. तिथे एक न्यायदंडाधिकारी असतात आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई असते, तेव्हा भिण्यासारखं काही नाही. भीमनगरातला मुलगा मंडळासमोर आला त्या दिवसापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची असते. जानेवारीपासून मोजा. आता एप्रिल आलाय.

त्याच्याबरोबर तुम्ही जायचं. त्याला एकट्याला पाठवू नका, आणि मामाला वगैरे पुढे करू नका. त्या टेबलापाशी तो एकदा एकटा उभा राहिलाय, तेवढं पुरे झालं.

लोक काय म्हणतील? म्हणतील. ज्याला टाके पडले त्याची आई हळदीकुंकवाला तुम्हाला बोलावणार नाही. दुकानाची काही गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत जातील. पोराला वर्गात चार दिवस कोणी जवळ बसवणार नाही. मी हे गोड करून सांगत नाही, किंमत पडेल. पण भीमनगरातल्या पोराची किंमतही एकदा मोजा. टीसी गेला, वर्ष गेलं. बाल न्याय कायद्याचं २४वं कलम सांगतं की असल्या प्रकरणाचा ठपका मुलाच्या पुढच्या आयुष्यात आडवा येता कामा नये, आणि तरी भरतीच्या वेळी कोणीतरी कागद चाळत भुवया उंचावेल. पहाटे तुमच्या मुलाबरोबर धावणारं पोरगं ते. ‘बंद झालं ते बरंच झालं’ हे तुम्ही लिहिलंत ना, तिथे मी तुमच्यावर खरी चिडले. बाकी सगळं भीतीपोटी लिहिलंत, ते वाक्य नाही.

मुलगा मैदानावर कोणाची वाट बघत बसतो, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही. मला तरी नीटपेक्षा तो प्रश्न मोठा वाटतो.

राहिले यजमान. पत्र त्यांना माहीत नाही म्हणता. मग त्यांना दाखवा, माझं उत्तरही दाखवा. लपूनछपून करायचं हे काम नाही. ते ओरडतील. त्या दिवशी ऑफिसात ओरडले तसेच, कदाचित जास्त. ओरडू द्या. तुम्ही फक्त एवढं सांगा की सोमवारी साडेदहाला मी आणि पोरगा कॉलेजात जातोय, तुम्हाला यायचं तर या. क्लासला त्या दिवशी दांडी पडली तरी चालेल, फी मी तुम्हाला परत मागायला सांगणार नाही.

— माई