वाचकांचे प्रश्न : विंडोज, लिनक्स आणि आपले कागद

प्रश्न : डिचोली तालुक्यातले आमचे नाट्यमंडळ जुने आहे. देवळाच्या उत्सवात आणि कला अकादमीच्या स्पर्धेत नाटके करतो. मंडळाच्या संगणकावर नाटकांच्या संहिता, वर्गणीचे हिशेब आणि छोट्या वाचनालयाची पुस्तकयादी आहे. संहिता श्रीलिपी या जुन्या मराठी फाँट-सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. संगणक २०१६ साली घेतलेला, त्यावर विंडोज १०. दुकानदार म्हणतो, यावर विंडोज ११ चालणार नाही, नवा घ्या. मंडळातला एक मुलगा म्हणतो, विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकूया, फुकट आहे. कमिटीत दोन तट पडलेत. काय करावे? – चिटणीस, एक नाट्यमंडळ

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये, त्यामुळे तुमचा संगणक त्यात बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत जाहीर झाली. ती मिळवायला ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवा, असे पर्याय होते. चालता संगणक, ज्याच्यात काहीही बिघाड नाही, तो कंपनीच्या एका यादीत बसत नाही म्हणून मंडळाने वर्गणीतून नवा घ्यावा, हे मला पटत नाही. उत्सवाच्या खर्चातून असे पैसे काढणे किती जड जाते ते मी आमच्या गावात पाहते.

पण विंडोज की लिनक्स हा वाद कमिटीने चार दिवस बाजूला ठेवावा. तुमची खरी काळजी संहितांची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. तो फाँट संगणकावर असेपर्यंत सगळे सुरेख दिसते. फाँट गेला की ‘नांदी’च्या जागी कंस, डॉलर आणि रोमन अक्षरांचा कचरा उरतो. तुमची नाटके तुमच्याच कपाटात आहेत, पण ती वाचायला दुसऱ्या कोणाचे सॉफ्टवेअर चालू असावे लागते. आमच्याकडे देवस्थानाच्या पेटीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवत नाहीत. इथे तर किल्ली गावाबाहेर आहे.

तेव्हा कामाला या क्रमाने लागा. पहिल्यांदा सगळ्या फाइली जशाच्या तशा दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवा आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. गोव्याच्या पावसात वीज कधी जाते आणि कधी दणका देऊन परत येते, हे तुम्हाला सांगायला नको. मग प्रत्येक संहितेची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधला जातो, म्हणून नाटक निदान वाचता येईल, छापता येईल. त्यानंतर युनिकोडमध्ये रूपांतर. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, तो कोणा एका कंपनीच्या फाँटवर अवलंबून नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, विंडोजमध्ये ती सोय २००० सालापासून आली. आपण मराठी माणसांनी तरीही पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फाँटमध्ये लिहिले, कारण टंकलेखकांचा हात त्यावर बसला होता आणि छापखान्यालाही तेच हवे होते.

रूपांतर करणारी साधने मिळतात, पण ती चालवली आणि निश्चिंत झालो असे करू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचे नेमके उलटे. ‘कीर्ती’, ‘दुसऱ्या’, ‘तुझ्या’ असल्या शब्दांत घोटाळे होतात, जोडाक्षरे फुटतात. नाटकात तर पदेही असतात, तिथे एक मात्रा सरकली तर चाल बिघडते. म्हणून जुनी पीडीएफ एका बाजूला ठेवून एका माणसाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर तपासावे. तालमीला बसणारी मंडळी तुमच्याकडे आहेतच, प्रत्येकाने एक अंक वाटून घ्यावा.

तपासलेली संहिता ‘ओडीटी’ फाइल म्हणून ठेवा. ही ओपन डॉक्युमेंट पद्धत २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाण आहे. तिची रचना कोणालाही वाचायला खुली आहे, त्यामुळे ती उघडणारे लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखे फुकट सॉफ्टवेअर, उद्या बंद पडले तरी दुसरे कोणी ती फाइल उघडणारे सॉफ्टवेअर लिहू शकते. पुस्तकयादी आणि हिशेब एक्सेलमध्ये असतील तर ते लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. त्यांची एक साधी सीएसव्ही प्रतही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, काढून ठेवा.

एवढे झाले की त्या मुलाचे ऐका. लिनक्सचा ‘मिंट’ नावाचा प्रकार पेनड्राइव्हवर घ्या आणि आधी डिस्कवर न चढवता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. आवाज येतो का, वाय-फाय लागते का, प्रिंटर छापतो का, हे एका संध्याकाळी कळते. प्रिंटरची चौकशी विशेष करा. एचपीचे बरेचसे प्रिंटर लगेच जुळतात, कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे कार्यालयाकार्यालयांत दिसतो, त्याचे लिनक्सवरचे जुळणे किचकट आहे. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट नावाच्या अक्षरमांडणीचा कळफलक आत असतोच. तुमच्या टंकलेखकाचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असेल तर सुरुवातीला त्यांची चिडचिड होईल. त्यांना वेळ द्या, आणि चवथीच्या किंवा स्पर्धेच्या तोंडावर हा बदल करू नका.

प्रश्न : मुलगा फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो, त्याच्या मते घरात लिनक्सशिवाय काही असू नये. मुलगी सीए करते, तिला टॅली आणि एक्सेल हवे. लॅपटॉप एकच. रोज वाद. – एक आई, फोंडा

उत्तर : मुलगी बरोबर आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते. तिच्या ऑफिसात येणाऱ्या एक्सेलच्या फाइलींत मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावली, असतात, त्या लिब्रेऑफिसमध्ये सरळ चालतील याची खात्री कोणी देणार नाही. ज्याच्यावर पोट आहे ते साधन आधी, मते नंतर. मी स्वतः लिनक्स वापरते आणि शाळेत संगणक शिकवताना मुलांना मन लावून शिकवले, तरीही हेच सांगेन.

मुलाचे म्हणणेही मला कळते. त्याच्या वयात यंत्र उघडून आत पाहण्याची जी ओढ असते ती दाबू नका. जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, नोकरीत त्याला ते लागणारच. डिस्कमध्ये जागा असेल तर एकाच लॅपटॉपवर दोन्ही नांदवता येतात, सुरू करताना निवडायचे. त्याआधी मुलीच्या सगळ्या फाइलींची प्रत काढा, आणि विंडोजवर बिटलॉकर ही डिस्कला कुलूप घालणारी सोय चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर डिस्क कुलूपबंद व्हायची. हे काम मुलाने एकट्याने रात्री करायचे नाही, बहीण शेजारी बसलेली असताना करायचे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मोठ्या कंपन्यांच्या सत्तेबद्दल आपण नेहमी लिहिता. आम्ही पेडण्यात बसून मेल पाहतो, नातवंडांशी बोलतो. आमचे काय बिघडते? – एक वाचक, पेडणे

उत्तर : सर, दोन गोष्टी सांगते, दोन्ही आपल्याच देशातल्या.

गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची मोठी रिफायनरी आहे. रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले. भारताने लावले नव्हते, अमेरिकेनेही नव्हते. तरी मायक्रोसॉफ्टने नायराची आउटलुक (मेल) आणि टीम्स (संभाषण-बैठका) ही सेवा बंद केली. पैसे भरलेले परवाने असूनही कर्मचाऱ्यांना स्वतःची मेल उघडेना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य होते की नव्हते यावर माझे मत इथे गैरलागू आहे. भारतातल्या कंपनीची भारतातली मेल भारताबाहेरच्या निर्णयाने एका दिवसात थांबली, एवढे मला पुरे आहे. रिफायनरीकडे वकील होते. आपल्या पंचायतीची, पतसंस्थेची किंवा वाचनालयाची मेल अशी थांबली तर दिल्लीला कोण जाणार?

दुसरी गोष्ट आपल्या खिशातली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवे तर गूगलची इतर अॅपेही घ्यायची, शोधयंत्र गूगलचेच ठेवायचे, अशा अटींना आयोगाचा आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही आदेश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. या प्रकरणानंतर गूगलला भारतात नियम सैल करावे लागले. फोन बनवणाऱ्यांना अॅपे सुटी घेण्याची मुभा मिळाली, नवा फोन लावताना शोधयंत्र निवडायचा पर्याय येऊ लागला. तुमच्या सुनेने नवा फोन घेतला तर तो पडदा घाईने पुढे सरकवू नका, तो न्यायालयात भांडून मिळालेला आहे.

आपण आजच्या आज काय करावे? ज्या मेलवर बँक, आधार, पेन्शन जोडलेली आहे तिचा पासवर्ड आणि पर्यायी फोन नंबर तपासा. नातवंडांचे फोटो केवळ क्लाउडवर असतील तर एक प्रत घरातल्या डिस्कवर उतरवा. गूगलच्या ‘टेकआउट’ सोयीतून सगळे एकत्र मागवता येते. मोठे काम आहे, एका रविवारी नातवाला बसवा.

प्रश्न : आमच्या हायस्कूलची संगणक प्रयोगशाळा बदलायची आहे. पालक म्हणतात, विंडोजच शिकवा, नोकरीत तेच लागते. – शिक्षिका, सत्तरी

उत्तर : पालकांना केरळचे सांगा. तिथल्या सरकारी शाळांनी विंडोज सोडून लिनक्स घेतले आणि ते वर्षानुवर्षे टिकवले. दोन लाखांवर संगणकांवर ते चालवल्याने ३,००० कोटी रुपये वाचल्याचे तिथल्या यंत्रणेने २०१९ मध्ये सांगितले. पैशापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते असे की त्यांनी हजारो शिक्षकांना आधी शिकवले, पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर बेतली, आणि अडले तर विचारायला माणसे नेमली.

म्युनिकचेही सांगा, कारण एकच बाजू सांगणे बरे नाही. त्या जर्मन शहराने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. सॉफ्टवेअर बदलले तरी बाहेरच्या कार्यालयांशी चालणारा कागदी व्यवहार जुन्याच फाइलींत होता, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचल्या, राजकारणही बदलले. तुमच्या शाळेत लिनक्स जाणणारी व्यक्ती एकच असेल आणि तिची बदली पेडण्याला झाली, तर प्रयोगशाळेला कुलूप लागेल. त्यामुळे निदान दोन शिक्षकांची तयारी असल्याशिवाय हात घालू नका.

मुलांना मात्र एकच बटण कुठे आहे हे शिकवू नका. नववीच्या मुलीला फाइल कुठे साठते, परिच्छेदाला शैली कशी द्यायची, स्प्रेडशीटमध्ये सूत्र कसे लिहायचे हे समजले, तर ती वर्डमध्येही करेल आणि लिब्रेऑफिसच्या रायटरमध्येही. पालकसभेत एका मुलाला दोन्हीकडे तोच तक्ता करून दाखवायला सांगा.

प्रश्न : आता केंद्र सरकारची मेल झोहोवर गेली. स्वदेशी म्हणून आम्हीही जावे का? – एक सहकारी पतसंस्था, काणकोण

उत्तर : जा म्हणायला मला आनंद आहे. चेन्नईतून वाढलेली, १९९६ पासूनची ही कंपनी आहे आणि तिचे काम चांगले आहे. पण झोहोचे सॉफ्टवेअरही बंद पेटीतलेच, म्हणजे त्याची आतली रचना बाहेरच्यांना खुली नाही, आणि कंपनी देशातली असली तरी दर आणि अटी तीच ठरवणार. करार करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या : सोडायचे ठरवले तर सगळी मेल आणि फाइली कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळतील? शिवाय मेलचा पत्ता संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) घ्या आणि ते डोमेन चेअरमनच्या पुतण्याच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर नोंदवा. डोमेन हाताशी असले तर सेवा देणारा बदलला तरी ग्राहकांना नवा पत्ता कळवावा लागत नाही.